दारात अडलेले निरोप

मावशी रडली हे कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, तरी सांगते.

फार फार पूर्वी, म्हणजे मी पाचवीत असताना, तिच्या गोधड्यांच्या वेबसाइटच्या तळाशी एक फॉर्म एकटाच राहायचा. कुणी निरोप लिहिला की पाठवणारा म्हणून फॉर्म त्याच माणसाचा ईमेल पत्ता लावायचा आणि निरोप घेऊन मावशीकडे निघायचा. मावशीचे मेल घेणाऱ्या सर्व्हरच्या दारावरचा पहारेकरी त्याला रोज अडवायचा.

"काल नागपूरची वत्सला, आज कोल्हापूरचा बाजीराव! आणि निघतोस मात्र आमच्याच घरातून. तोतया कुठला!" असं म्हणून तो निरोप फाडून टाकायचा.

तिकडे मावशी म्हणायची, "कुणी विचारतसुद्धा नाही गं. उद्या बंदच करते ही वेबसाइट."

ते ऐकून फॉर्म रडवेला झाला. "माझ्या नावाला कोण विचारतो?"

"मी विचारतो की!" पहारेकरी म्हणाला. "तू याच घरचा. स्वतःच्या नावानं जा, आणि उत्तर कुणाला द्यायचं ते आत लिही."

तो स्वतःच्या नावानं गेला आणि निरोप पोचला. "गोधडी मिळेल का?" एवढंच मावशीने पुन्हा पुन्हा वाचलं आणि ओढणीने डोळे पुसले. तेव्हापासून तो फॉर्म... थांबा, मावशी हाक मारतेय.

"इरा, ये गं लवकर! निरोप आलाय, बाळासाठी हवीय म्हणे!"