तबकातला विडा

देवझरी आणि काळखिंड ही शेजारी राज्यं वर्षभर लढत होती. तिसऱ्या राज्याचा राजा गजसेन लोडाला टेकून, विडे चघळत त्यावर मतं देत होता. दोघांशीही त्याचं सख्य, म्हणून देवझरीचा म्हातारा दूत हैबतराव त्याच्याकडे मध्यस्थी मागायला आला.

"तह कसला करता? शेवटचा माणूस पडेपर्यंत लढा!" गजसेन गरजला.

हैबतरावाने सोबत आणलेल्या तबकात विडा ठेवून ते राजासमोर ठेवलं. राजाने सवयीने हात पुढे केला.

"उचला, महाराज. आमच्याकडे हा विडा उचलणारा उद्या सगळ्यांच्या पुढे लढतो. काल माझ्या मुलाने उचलला होता."

हात हवेतच थांबला.

"काळखिंडीला आजच निरोप धाडतो," गजसेन पुटपुटला. "हे तबक न्या आता."

"राहू द्या, महाराज. तह झाला की नेईन."