हणमंत इंगवले एकच

दोष सगळा रेडिओवाल्या हणमंत इंगवलेचा. वयाने मोठा आहे म्हणून मी तो झाकणार नाही.

आमच्या यात्रेला तमाशा आला होता. त्यातल्या सोंगाड्याचं नावही हणमंत इंगवलेच. गवळणीत नऊवारी नेसून तो मावशी व्हायचा, आणि त्याच्या नावावरच फडाला गावोगावची बोलावणी यायची. यात्रेला पाहुणा म्हणून आलेल्या रेडिओवाल्याने पंचांना सुनावलं, "या नावाने मी बातम्या वाचतो. ते फलकावरून पुसा. आणि पुन्हा लावणार नाही असं याच्याकडून लिहून घ्या."

पंच लगेच माना हलवायला लागले. आमचे म्हातारे टाय दिसला की असेच वाकतात.

सोंगाड्या तोंडाला रंग लावत बसला होता. तो म्हणाला, "म्हणजे साहेब, हणमंत इंगवले एकच, आणि ते तुम्ही?"

"अर्थात. चारचौघांत सांगतो."

"पंच, ऐकलंत ना?" सोंगाड्याने घडीची नऊवारी रेडिओवाल्याच्या हातात ठेवली. "बाहेर हजारभर माणसांनी फलकावरचं नाव वाचून तिकीट काढलंय. नाव तुमचं, तर मावशीही तुम्हीच. चला, निऱ्या मी घालून देतो."

कनातीपलीकडून त्याच नावाने शिट्ट्या येत होत्या. रेडिओवाला नऊवारी टाकून मागच्या बाजूने निघून गेला.

फलक तसाच राहिला. पण रेडिओ केंद्रावर 'मावशी, साडी कधी नेसताय?' अशी पत्रं जायला लागली.

निवृत्त होईपर्यंत त्याने बातम्या नाव न सांगता वाचल्या.