बारकी खेकडी आणि शिरपाकाकाचा पंप

काय म्हणलास रं गणपा? एवढीशी खेकडी काय करणार? अरं जा! तुला काय ठाऊक?

गणपा हसतोय. हसू दे त्याला. पोरांनो, तुम्ही बसा. मांडी घाला. ऐका!

एक होता ओढा. ओढ्याकाठी बीळ. बिळात राहायची बारकी खेकडी.
बारकी किती? तुझ्या अंगठ्याएवढी.
पण ऐट बघा तिची! नांगी कायम वर!

एक दिवस ओढ्यातनं फेस आला. फस्स फस्स!
पांढरा फेस. कडू फेस.
फेसातनं आला बिस्किटाचा कागद. बिळाच्या दाराला चिकटला. चप्प!
डोळे झाले चुरचुर. अंग झालं चरचर.
बारकीचं घर गेलं.
रडली का? हॅट्! रडते कशाला!
नांगी केली वर. म्हणाली,
"मी खेकडी. चालते वाकडी. बोलते सरळ!"
आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

आधी गाठला ओढा.
"ओढ्या ओढ्या, निवळ की. माझं घर मला दे."
ओढा म्हणाला, "बुडबुड! मी न्हाई निवळत. शिरपाकाका औषध फवारतो. फवारायचा पंप माझ्यातच धुतो. त्यानं पंप टांगला, तर निवळतो."

निघाली बारकी. तुरुतुरु तुरुतुरु.
शिरपाकाका रानात होता. पाठीवर पंप. फुस्स फुस्स!
"मी खेकडी. चालते वाकडी. बोलते सरळ!
ओढा काही निवळेना,
बारकीला घर मिळेना!
काका काका, पंप टांग की."
काका म्हणाला, "ए बारके, हो बाजूला! पायाखाली येशील. पिकावर अळ्या हायत. अळ्या हायत तोवर फवारणार. फवारलं की पंप धुणार. ओढ्यातच धुणार. वाहतं पाणी हाय. घाण घेऊन जातं!"
"घेऊन जातं? माझ्या दारात घेऊन येतं!"
काकानं डोकं खाजवलं खरखर.
"मग अळ्या कोण खाणार? तू? जा, साळुंकीला सांग. तिनं अळ्या खाल्ल्या, तर पंप टांगतो."

निघाली बारकी. तुरुतुरु तुरुतुरु.
साळुंकी तारेवर बसली होती. चक चक!
"मी खेकडी. चालते वाकडी. बोलते सरळ!
काका पंप टांगेना,
ओढा काही निवळेना,
बारकीला घर मिळेना!
साळुंके साळुंके, अळ्या खा की."
साळुंकी म्हणाली, "चक चक! रानात येऊन बसू कुठं? तुझ्या डोक्यावर? बांधावरच्या बोरीला एक पान न्हाई. ऊन कसं लागतंय! बोरीला पान फुटलं, तर अळ्या खाते."

निघाली बारकी. तुरुतुरु तुरुतुरु.
बोर उभी होती बांधावर. नुसते काटे. करकर करकर!
"मी खेकडी. चालते वाकडी. बोलते सरळ!
साळुंकी अळ्या खाईना,
काका पंप टांगेना,
ओढा काही निवळेना,
बारकीला घर मिळेना!
बोरी बोरी, पान काढ की."
बोर म्हणाली, "करकर! पान कसं काढू गं? माती झालीय दगड. मुळं आत जाईनात. गांडुळानं माती उकरली, तर पान काढते."

निघाली बारकी. तुरुतुरु तुरुतुरु.
गांडूळ दगडाखाली लपलं होतं. वळवळ वळवळ!
"मी खेकडी. चालते वाकडी. बोलते सरळ!
बोरीला पान फुटेना,
साळुंकी अळ्या खाईना,
काका पंप टांगेना,
ओढा काही निवळेना,
बारकीला घर मिळेना!
गांडुळा गांडुळा, माती उकर की."
गांडूळ म्हणालं, "न्हाई बाई! मातीत नुसतं पांढरं खत. अंग भाजतं माझं. आणि खाऊ काय? शेणाचा एक पो न्हाई रानात. चांद्या बैलानं शेण दिलं, तर माती उकरतो."

निघाली बारकी. तुरुतुरु तुरुतुरु.
चांद्या गोठ्यात होता. कपाळावर पांढरा चांद. मान मात्र खाली.
"मी खेकडी. चालते वाकडी. बोलते सरळ!
गांडूळ माती उकरेना,
बोरीला पान फुटेना,
साळुंकी अळ्या खाईना,
काका पंप टांगेना,
ओढा काही निवळेना,
बारकीला घर मिळेना!
चांद्या चांद्या, शेण दे की."
चांद्या म्हणाला, "फुर्र! शेण कुठलं देऊ? ओढ्याचं पाणी कडू. पोळ्याला मला त्यात धुतलं. अंगभर खाज सुटली! ते पाणी पिववत न्हाई. पाण्याबिगर चारा गिळवत न्हाई. गोडं पाणी दिलंस, तर शेण देतो."
"गोडं पाणी कोण देतं?"
"ओढा देतो."
"ओढा? अरं, ओढ्यापासनंच तर निघाले मी!"
"मग जा बाई घरी."
"घर हाय कुठं?"

आता कुणाकडं जायचं? कुणीच उरलं न्हाई.
बारकी बसली. एका नांगीकडं बघितलं. दुसऱ्या नांगीकडं बघितलं.
ताडकन उठली!
"हा म्हणतो, आधी तो. तो म्हणतो, आधी ती. मग आधी मी!"
नांग्या केल्या वर. दोन्ही!

ओढ्यापासनं लांब वाळू होती. कोरडी, स्वच्छ वाळू.
आपली माणसं अशा वाळूत खड्डा खणतात. खालनं गोडं पाणी झिरपतं. त्याला म्हणतात झिरा.
माणसाला खणायला फावडं लागतं.
बारकीकडं होत्या नांग्या!
खर्र खर्र! खर्र खर्र!
वाळू उडाली. नांगी दुखली. थांबली का? हॅट्!
खर्र खर्र! खर्र खर्र!
वाळू झाली ओली. खड्डा झाला खोल. आणि...
बुळुक!
पाणी! गार पाणी! गोडं पाणी!
बारकीनं हाक मारली. चांद्या गोठ्यातनं आला, पाण्यात तोंड घातलं. घट घट घट घट!
मान झाली वर. चारा खाल्ला कराकरा. शेपूट केलं वर.
पोच्च!
शेण!

चांद्यानं शेण दिलं, गांडूळ माती उकरू लागलं. वळवळ वळवळ!
गांडुळानं माती उकरली, बोरीला पान फुटलं. लुसलुस लुसलुस!
बोरीला पान फुटलं, साळुंकी येऊन बसली. अळ्या खाल्ल्या मटामटा!
साळुंकीनं अळ्या खाल्ल्या, काकानं पंप टांगला. खुंटीला, खट्ट!
काकानं पंप टांगला, ओढा निवळला. झुळझुळ झुळझुळ!
ओढा निवळला...
बारकीला घर मिळालं!

एका दिसात मिळालं का? न्हाई. बोरीला बोरं लागली, पिकली, पोरांनी खाल्ली. एवढा वेळ लागला. पण मिळालं!

शिरपाकाका आला बिळापाशी. खाली बसला.
"बारके, चुकलो गं मी."
"चुकलास ना? मग तो कागद काढ दारातला!"
काकानं कागद काढला. गपगुमान खिशात घातला.

परत पोळा आला. चांद्या ओढ्यात उतरला. पाणी कसं? तळाचा खडा दिसेल असं! खाज न्हाई, काही न्हाई.
शिंगं रंगवली. झूल घातली. ढोल वाजला. धडाड धुम! धडाड धुम!
शिरपाकाका पुढं. चांद्या मागं. आणि चांद्याच्या शिंगावर कोण?
बारकी!
दोन्ही नांग्या वर!
सगळा गाव बघत राहिला. काका ओरडून सांगत सुटला, "ही आमची बारकी! हिनं ओढा निवळवला! आमच्या ओढ्याची हाय ही, आमच्या!"
बारकी म्हणाली,
"मी खेकडी. चालते वाकडी. बोलते सरळ!"

आता बोल रं गणपा! एवढीशी खेकडी काय करणार?

आणि तू रं? हातात काय हाय तुझ्या? बिस्किटाचा कागद ना?
ओढ्यात न्हाई टाकायचा. रानात न्हाई टाकायचा.
ऊठ. डब्यात टाक. आत्ता.