आंबेकोंडचा मागितलेला वाल

आंबेकोंडात प्रत्येक घराच्या मागे, न्हाणीचं पाणी जातं तिथं, वालाचा मांडव असतो. शहरात डबल बी म्हणून विकतात तो हा मोठ्या, चपट्या दाण्यांचा वाल. इथल्या दाण्यावर मात्र तांबडा डाग असतो. आणि इथं कोणी स्वतःच्या वेलाचं बी स्वतः लावत नाही. शेजारच्या घरून मागून आणतं. पाहुणे कारण विचारतात, तेव्हा भागोजीबाबा मांडवाखाली बसून सांगतात.

फार पूर्वी म्हणे लागोपाठ दोन वर्षं पाऊस आला नाही. घरोघरचं बियाणं शिजवून संपलं. येसू नावाच्या बाईनं तेवढा एक वेल भांड्यांच्या धुवणावर जगवला होता. त्याचे पंधरा दाणे तिनं राखेत घालून मडक्यात ठेवले आणि ग्रामदेवी वाघजाईला बोलली, "माझ्यासकट गावातल्या चौदाही घरांच्या मागे वेल चढल्याशिवाय मी वाल तोंडात घालणार नाही."

तिची लेक तापातून नुकती उठली होती. "आई, तेवढे दाणे शिजव ना," ती म्हणाली. येसूनं तिला जवळ घेतलं आणि रानातला कंद उकडून दिला.

तिसऱ्या वर्षी पाऊस लागला. येसू घरोघर एकेक दाणा देत निघाली. शेवटचं घर तिची जाऊ रंगू हिचं. बांधावरून वाद होऊन दोघींनी बारा वर्षं एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. येसू तिच्या दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर दाणा ठेवून परतली. स्वतःसाठी राहिलेले दोन दाणे तिनं न्हाणीपाशी लावले, पण कोंब वर येताच गोगलगाईंनी खाल्ले. सगळ्या परसांत वेल चढले, येसूचाच मांडव रिकामा राहिला. देवीला बोललेलं पुरं होईना. त्या हिवाळ्यात गावभर उसळी शिजल्या, आणि ती वास घेत चुलीपाशी बसून राहायची.

पौषात एका सकाळी रंगू ताटात कुंकू नि मूठभर दाणे घेऊन आली.

"जाऊबाई, तुमचंच बी आहे. घ्या."

"दिलं ते तुझं झालं," येसू म्हणाली. "तुझं म्हणून देत असशील तर मागते."

"माझं म्हणून देते."

येसूनं पदर पसरला. ओटी भरताना दोघींच्या डोळ्यांतून पाणी गळलं, कुंकू ओलं होऊन दाण्यांना चिकटलं. पुढं त्या बियाण्याला आलेले दाणे तांबड्या डागाचेच निघाले म्हणे. वेल मांडवावर चढला, तेव्हा येसूनं लेकीला आधी वालाच्या उसळीचं ताट वाढलं आणि मग आपण जेवली.

आजही आंबेकोंडात वाल उकडून पहिलं पाणी टाकतात, आमसूल-गूळ घालून उसळ करतात आणि बी मागूनच लावतात. घरं मात्र आता निम्मी बंद आहेत. भागोजीबाबांचा शेजारी दत्ताराम कल्याणला असतो. तिथल्या गॅलरीत त्यानं पिंपात वेल लावलाय. दर मे महिन्यात तो एसटीनं येतो, आणि सत्तरी ओलांडलेले बाबा त्याच्यापुढं उपरण्याचं टोक पसरून म्हणतात, "दत्ताराम, तुझं बी दे."