पडंल ते झेल

“आणि पहाऱ्यातच त्याला फेफरं आलं तर, बुवा?”

दिगंबरने हे मल्हारीच्या देखतच विचारलं. कोयनाकाठच्या मठात नामसप्ताह बसला होता. सात दिवस वीणा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जायची, पण जमिनीला टेकायची नाही, असा तिथला दंडक. दिगंबर पट्टशिष्य, त्यामुळे बोलायला भीड कसली! मल्हारीला आजवर वीणेचा पहारा कुणी दिलाच नव्हता. यंदा धोंडबुवांनी दिला. तो मान खाली घालून उभा होता.

“तर तू शेजारी हुबा ऱ्हा,” बुवा म्हणाले.

“काय करू?”

“पडंल ते झेल.”

वीणा झेलणं म्हणजे दिगंबरच्या डाव्या हातचा मळ. तो मनात हसला.

मल्हारी गोळ्या चुकवत नाही, तरी कधीमधी झटका येतोच, असं बुवांनी त्याला सांगून ठेवलं. आलाच तर तोंडात काही कोंबायचं नाही, दाबून धरायचं नाही, कुशीवर वळवायचं. लांबला तर दवाखाना गाठायचा.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, नाम रंगात आलेलं असताना मल्हारी ताठरला. वीणेचा पट्टा खांद्यावरून घसरला...

दिगंबरचा हात वीणेकडे गेलाच होता. पण मल्हारीचं डोकं दगडी खांबाकडे चाललं होतं.

त्याने दोन्ही हातांनी मल्हारीला झेललं. वीणा फरशीवर आदळली आणि तिची एक तार तुटली.

नाम थांबलं. कुणीतरी हुंगवायला चप्पल घेऊन धावलं.

“ती पायातच असू दे,” दिगंबर म्हणाला.

त्याने मल्हारीला कुशीवर वळवलं, उपरण्याची घडी डोक्याखाली सरकवली आणि थांबला. अंगाचे झटके ओसरले, श्वास संथ झाला.

बऱ्याच वेळाने मल्हारी उठून बसला. फरशीवरची वीणा बघून त्याला रडू फुटलं. दिगंबरने ती उचलली आणि आपल्या हातांनी त्याच्या खांद्यावर घातली. उरलेल्या तारांवर बोट पडलं, नाम उठलं, आणि सगळा मंडप उभा राहिला. चप्पलवाल्यानेही टाळ घेतले. दिगंबर एवढा मनापासून कधी गायला नव्हता.

पहारा संपल्यावर तो बुवांपुढे वाकला.

“बुवा, वीणा टेकली. सप्ताह खंडला का?”

बुवा टाळाची दोरी गुंडाळत राहिले...

“मल्हारीचं डोकं कुठं व्हतं?”

“माझ्या हातात.”

“मग वीणा कुठं टेकली?”