पहिल्या मापाची कहाणी

ऐक गं अन्नपूर्णे, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. हातातली अक्षत घट्ट धरा आणि मधे बोलू नका, कारण ही कहाणी मला गोड तोंडानं सांगता येत नाही.

आटपाट नगर होतं, नगराबाहेर काळी जमीन होती, आणि त्यातली निम्मी एकट्या हरबाशेटाची होती. शेटाला एक मुलगा, त्याचं नाव यमाजी. यमाजीची बायको साळू. घरात सासू नाही, जाऊ नाही. पेरणीला साळू, निंदणीला साळू, उफणणीला साळू. रास पडली की बघायला मात्र शेट.

त्या नगराची एक रीत होती. रास मापताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नसे, लाभ म्हणत. लाभ, मग दोन, मग तीन. आणि ते लाभाचं माप घरात जात नसे. राबलेल्या बाईच्या पदरात पडे. त्यातलं अर्धं ती दारी आलेल्याला घाली, अर्धं बियाण्याला ठेवी.

शेटानं रीत अर्धीच ठेवली. तोंडानं लाभ म्हणावं आणि माप पेवात ओतावं. जमिनीत खोल खणलेलं पेव, त्यावर दगड, दगडावर शेट. साळू पदर पसरून उभी राही, पदर रिकामा राही. एकदा तिनं विचारलं, मामंजी, पहिलं माप माझं ना? शेट म्हणाला, घरात येतो तो लाभ, घराबाहेर जातो तो तोटा, एवढं कळलं की संसार कळला. आणि दगडावर बसून पान खाल्लं.

मग साळूनं काय करावं? खळ्याची झाडलोट गोळा करावी, भुसातला दाणा दाणा वेचावा, राखेत घोळवावा, मडक्यात भरावा, मडक्याचं तोंड शेणानं लिंपावं. पेवातला दाणा उबतो, तो खायला चालतो, उगवत नाही. म्हणून दर साली शेत पेरलं जाई ते साळूच्या मडक्यांतून. शेटाला वाटे, पेवातलंच पेरलं. विचारायची त्याला सवय नव्हती.

चिमण्या आल्या. शेट म्हणाला तोटा, आणि जाळं टांगलं. गोसावी आला. शेट म्हणाला तोटा, आणि कडी घातली. मग साळूला दिवस गेले, नऊ मास भरले, मुलगी झाली. शेट म्हणाला तोटा. साखर वाटली नाही, पाळणा टांगला नाही, नाव ठेवलं नाही. पोरीनं रडावं, तर शेटानं म्हणावं, तोटा रडतोय, गप्प कर त्याला.

आणि यमाजी काय म्हणाला? काही म्हणाला नाही. बायांनो, मला शेटाचा येतो त्याहून जास्त राग ह्याचा येतो. पोर त्याची, बायको त्याची, जीभ त्याची. शेट निदान बोलत तरी होता.

साळू रडली ते अन्नपूर्णेच्या कानी गेलं. तिनं म्हातारीचं रूप घेतलं, हातात काठी घेतली आणि रास पडली त्या दिवशी खळ्यावर येऊन उभी राहिली. लाभाचं माप वाढ बाबा, म्हणाली. शेट हसला. लाभ पेवात गेला म्हातारे, तोटा तेवढा उरलाय, हवा तर घेऊन जा. म्हातारीनं विचारलं, तोटा तो कुठला? शेटानं बोट दाखवलं. ही झाडलोट आणि राखेची मडकी. ही भाकड गाय. ती बाभळीखाली झोळीतली पोर. आणि पोरीला पाजायला लागते ती तिची आई.

म्हातारी म्हणाली, दिलंस? शेट म्हणाला, दिलं. म्हातारी म्हणाली, दिलंस? शेट म्हणाला, दिलं, दिलं. मग ती यमाजीकडे वळली. तुझा बाप देतोय, तूही देतोस का? यमाजीनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. म्हातारी म्हणाली, न बोलणं हेही देणंच झालं. तिनं झोळी खांद्याला लावली, गाईचं दावं सोडलं, साळूच्या डोक्यावर मडकी ठेवली आणि तिला घेऊन नगराची शीव ओलांडली.

शीवेपलीकडे पडीक जमीन होती, एक पडकं खोपट होतं. तिथं साळू मटकन बसली. आई, माझं काय राहिलं गं, म्हणाली. म्हातारी म्हणाली, जे शेतात उगवतं ते तुझ्या डोक्यावर आहे, जे घरात वाढतं ते झोळीत आहे. आता वसा घे. वसा काय घ्यावा? रास पडली की पहिलं माप भरावं, लाभ म्हणावं, घरात नेऊ नये. अर्धं मातीसाठी ठेवावं, अर्धं दारी येईल त्याला घालावं, तो कोण आला ते विचारू नये. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. मग तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि नाव ठेवलं लाभा. नाव ठेवून ती दिसेनाशी झाली.

साळूनं खोपट शाकारलं, पडीक खणलं, मडकी फोडून पेरलं. ज्वारी पुरुषभर वाढली. भाकड गाय गाभण राहिली. चिमण्या आल्या, त्यांना कुणी हाकललं नाही. दर साली पहिलं माप दारी जाई, आणि लाभा माप उचलण्याएवढी मोठी झाली.

इकडे शेटानं पेवातलं पेरलं. सगळ्यांची शेतं हिरवी, ह्याचं काळं. पहिल्या साली म्हणाला, पाऊस खोटा. दुसऱ्या साली म्हणाला, माती खोटी. असं करता करता आठव्या साली पेवाला तळ लागला. मग नगरात बियाणं मागायला निघाला. लोक म्हणाले, शेट, घराबाहेर जातो तो तोटा, तुम्हीच शिकवलंत ना. कडी लावून घेतली.

मग बाप-लेक भीक मागत निघाले. शीव ओलांडली, एक खळं दिसलं, सोन्यासारखी रास दिसली. एक मुलगी माप भरत होती. शेटानं उपरणं पसरलं. मुलगी म्हणाली, लाभ, आणि माप उचललं. साळूनं उफणतां उफणतां वळून बघितलं, सासऱ्याला ओळखलं, नवऱ्याला ओळखलं. तिचं अंग पेटलं. तिला वाटलं, त्या उपरण्यात भुसा ओतावा. पण वसा आठवला, येणारा कोण ते विचारू नये. तिनं लेकीला मान हलवून घाल म्हणून सांगितलं. द्यावं असं देवीनं सांगितलं होतं, हसून द्यावं असं सांगितलं नव्हतं. साळू हसली नाही.

शेटानं विचारलं, बाळ, नाव काय तुझं? ती म्हणाली, लाभा. शेटानं वर बघितलं, मागे उभी साळू दिसली. त्याचं तोंड उतरलं. पण जित्याची खोड, बायांनो. अर्धं माप पदरात पडलं आणि तो म्हणतो काय, सूनबाई, घरी चला, घरचा लाभ घरी यायला हवा.

साळू म्हणाली, "मामंजी, तुम्ही आम्हांला तोटा म्हणून देऊन टाकलंत. आता पीक दिसलं तेव्हा आम्ही लाभ झालो. मी तेव्हाही साळूच होते आणि ही तेव्हाही तुमची नातच होती. मी येणार नाही. हे दाणे आज खा, आणि बियाण्याचं मडकं देते ते पेरा. रास पडली की मी लेकीला घेऊन तुमच्या खळ्यावर येईन. पहिलं माप हिच्या पदरात घाला. नाही घातलंत, तर नगराला हाका मारून सांगेन की हरबाशेट उसन्या बियाण्यावर शेट झाला."

यमाजी हळूच म्हणाला, मी इथंच राहू का? साळू म्हणाली, राहा, वाऱ्यावर उभे राहून उफणा, ज्या दिवशी बापासमोर तोंड उघडाल त्या दिवशी खोपटात या.

साल फिरलं. शेटाच्या खळ्यावर रास पडली. साळू आली, लाभा आली, मागे यमाजी आला. शेटानं माप भरलं, लाभ म्हणाला, आणि सवयीनं पेवाकडे वळला. तेव्हा यमाजी पुढे झाला. म्हणाला, "आबा, ते माप माझ्या लेकीचं आहे." शेट थांबला. मागे फिरला. नातीच्या पदरात त्यानं माप ओतलं. पदर भरला, आणि साळू लेकीला घेऊन आपल्या खोपटाकडे निघाली. त्या रात्री यमाजीचं पान खोपटात वाढलं.

अन्नपूर्णे, साळूचा पदर भरलास तसा इथं बसलेल्या प्रत्येकीचा भर. ज्या घरी लेक झाली म्हणून साखर वाटली नसेल, त्या घरच्या पेवाला तळ दाखव. साठां उत्तरांतली पंचावन्न मी रागानं गिळली, पांच तुमच्या पदरात घातली. ही पहिल्या मापाची कहाणी इथं सुफळ संपूर्ण.