सांध्यावरचं बोट

घरोघरी चावीची घड्याळं होती, त्या काळची गोष्ट. गद्रेआजोबांच्या टेबलावर खेळातलं एक बुटकं इंजिन रुळांतल्या विजेवर धावायचं. दोन रूळ मिळतात त्या सांध्यावर प्लास्टिकचा तुकडा होता. तिथे वीज तुटून ते हमखास अडायचं. मग आजोबा बोटाने हळूच ढकलायचे, “चल रे राजा.”

तो तुकडा सहज ओलांडणारी बाकीची लांबलचक इंजिनं फिदीफिदी हसायची. शेवटी बुटक्याने रुळांशेजारी पडलेल्या तांब्याच्या तारेला गळ घातली, “ताई, तेवढी वीज पोचव ना तिथे.”

“पोचवते. पण मग ते बोट लागायचं नाही हं.”

“नकोच आहे मला!”

तार सांध्याखाली शिरली. बुटकं झोकात पार झालं. सवयीने पुढे आलेलं आजोबांचं बोट हवेतच राहिलं. मग त्यांनी हात मांडीवर ठेवला.

पुढच्या फेरीला सांध्यावर अडायचा इंजिनाने जिवापाड प्रयत्न केला. वीज काही तुटली नाही.